वाण्याची वही आणि पेठेची पत

माझ्याकडे आजीच्या जमाखर्चाच्या एकवीस वह्या आहेत. पहिली १९४९ सालची, शेवटची १९७२ सालची. मधल्या तीन वर्षांच्या हरवल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, उभ्या, दोऱ्याने शिवलेल्या या वह्या नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायला दिला तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडल्या. त्यांतल्या १९६१ सालच्या वहीची पाने एकमेकांना चिकटलेली आहेत. का, हे पुणेकर वाचकाला सांगायला नको. पण त्याकडे मी नंतर येणार आहे.

या वह्या मी प्रथम वाचायला घेतल्या त्या भावांसाठी. साखर काय भावाने होती, तूरडाळ कधी महागली, रॉकेल कधी मिळेनासे झाले, हे पाहावे असा हेतू होता. तो लवकरच मागे पडला. भाव अन्य साधनांतूनही मिळतात आणि तेथे ते अधिक शिस्तीने नोंदलेले असतात. आजीच्या वहीत वेगळीच गोष्ट दिसू लागली. ती वस्तूचे नाव नंतर लिहिते, माणसाचे आधी. ‘वाणी – गूळ, डाळ, शेंगदाणे.’ ‘गवळी – रतीब.’ ‘गिरणी – दळण.’ ‘वखारवाला – कोळसा.’ ‘पेपरवाला.’ ‘इस्त्रीवाला.’ ‘भटजी – दक्षिणा.’ ‘मंडळाची मुले – वर्गणी.’ आजी पैसे कशावर खर्च झाले हे लिहीत होती, तसेच ते कोणाकडे गेले हेही लिहीत होती. दर महिन्याला तीच दहा-बारा नावे, त्याच क्रमाने. शेवटी ‘मागील बाकी’ आणि ‘शिल्लक’.

एका घराच्या वह्या म्हणजे पेठेचा इतिहास नव्हे, हे मला ठाऊक आहे. म्हणून या लेखात मी आजीच्या वहीतले आकडे पुरावा म्हणून मांडणार नाही. पण ज्या व्यवहाराची ही वही एक बाजू होती, त्याची दुसरी बाजू वाण्याच्या वहीत होती, तिसरी बँकेच्या, चौथी वर्गणीच्या. या सगळ्या वह्यांना बांधणारा शब्द आपल्या भाषेत जुनाच आहे : पत. माणसाची अब्रू आणि त्याला मिळू शकणारी उधारी या दोन्हींना मराठीत हा एकच शब्द पुरतो. नारायण पेठेचा रोजचा खर्च या पतीवर कसा चालत होता, ती कोणाला मिळत होती, कोणाला नाही, आणि ती मोडली कशी, एवढेच येथे पाहायचे आहे.

पेठ म्हणजे बाजार

‘पेठ’ या शब्दाचा मूळ अर्थच बाजार. पुण्याच्या काही पेठांना वारांची नावे आहेत, काहींना माणसांची. नारायण पेठेला नारायणराव पेशव्यांचे नाव आहे. पेशवाईत नवी पेठ वसवायची म्हणजे आधी कौल द्यायचा, व्यापारी-उदमी लोकांना बोलवायचे, काही वर्षे करांत सूट द्यायची आणि शेटे-महाजनांकडे देखरेख सोपवायची, अशी पद्धत होती. म्हणजे वस्ती आणि बाजार यांची सुरुवात एकाच कागदावर होत असे.

प्रत्यक्षात नारायण पेठ मोठी व्यापारपेठ झाली नाही. घाऊक धान्याचा व्यवहार पूर्वेला भवानी आणि नाना पेठांकडे राहिला. सोने, कापड, भांडी यांचे बाजार शहराच्या मध्यभागी रुजले. नदीच्या काठाने पसरलेली आमची पेठ वाड्यांची, देवळांची, शाळकऱ्यांची आणि पुढे छापखान्यांची झाली. मोदी गणपती, माती गणपती, पत्र्या मारुती, मुंजाबाचा बोळ ही नावे पाहिली तरी वस्तीचा स्वभाव कळतो : देवाच्या नावाने पत्ता सांगणारी, बोळांची, पायी चालण्याच्या अंतराची पेठ. अशा वस्तीत दुकान असते ते वाड्याच्या दर्शनी खणात. मागे दुकानदार राहतो, माडीवर भाडेकरू. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच हापशीवर पाणी भरतात. उधारीला लागणारी पहिली गोष्ट, म्हणजे माणसाची माहिती, येथे आपोआप मिळत होती.

वाण्याची वही

आमचा वाणी आमच्या वाड्यापासून चौथ्या दारात होता. त्याचे नाव आजीच्या वहीत कोठेच नाही. तो सदैव ‘वाणी’. त्याच्याकडे प्रत्येक घराचे खाते होते. घरातले कोणीही पोर जाऊन सामान आणी. वाणी पुडी बांधताना वहीत टाकी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आजोबांचा पगार झाला, की आजी आपली वही घेऊन जाई. दोन्ही वह्या समोरासमोर वाचल्या जात. जुन्या वाण्यांच्या वह्या मोडीत असत. आमच्या वाण्याचीही मोडीच होती. आजीला मोडी येत नव्हती, वाणी तिला वाचून दाखवी, आणि ती आपल्या बालबोध नोंदीशी ताडून पाही. चूक निघाली तर बहुधा कोळव्या-चिपट्याची निघे.

हे माप आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. सगळी गणना निम्मे-दुप्पट अशी. नाण्यांचेही तसेच : रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. निम्मे करीत जाणारी ही रीत थोडे थोडे घेणाऱ्यांच्या सोयीची होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर बसत, पण एका आण्याचे सव्वासहा होत. तो पाव पैसा कोणाचा, यावरून दुकानादुकानांत वाद होत असत. आजीने त्या वर्षी वहीत दोन रकाने आखले आहेत, एक जुन्या हिशेबाचा, एक नव्या. वर्षभराने जुना रकाना गेला. बोलण्यातले चार आणे आणि आठ आणे मात्र पुढे कितीतरी वर्षे टिकले. त्यामागोमाग वजने बदलली. १९५८पासून दशमान मापे येऊ लागली आणि १९६२पर्यंत शेर-पायली कायद्याने बाद झाली. दोन्ही बाजूंनी वही लिहिली जात होती म्हणूनच एवढा मोठा बदल पेठेने पचवला, असे मला वाटते. एकट्या वाण्याच्या शब्दावर तो सुखाने झाला नसता.

या उधारीवर व्याज नव्हते. निदान वहीत नव्हते. पण ती फुकट होती असेही नाही. उधारीचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊ शकत नसे. जुना तांदूळ संपून नवा आला, शेंगदाण्यांत खवट निघाले, तरी फार बोलता येत नसे. ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्याशी भाव करायचा नाही, हा अलिखित नियम होता. वाणी स्वतः घाऊक व्यापाऱ्याचा उधारकरी असे. तेथले व्याज किरकोळ भावात मिसळूनच आमच्या घरी येत असणार. म्हणजे भवानी पेठेतल्या गोदामापासून आमच्या फडताळापर्यंत उधारीची एकच साखळी होती, आणि तिची शेवटची कडी पहिल्या तारखेचा पगार ही होती.

अशा घरांकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वी गेले होते. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ साली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा आर्थिक भाग १९४५ साली आणि सामाजिक भाग १९५२ साली प्रसिद्ध झाला. १९५३-५४ मध्ये नी. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली. एका भारतीय शहराची घरोघर जाऊन केलेली इतकी बारकाईची पाहणी त्या काळी विरळाच. याच संस्थेतून पुढे १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा ग्रंथ आला. १९६०-६१च्या किमतींनुसार शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये आणि खेड्यात पंधरा रुपये खर्च, ही त्यांनी धरलेली किमान रेषा होती. हे आकडे वाचले तेव्हा मी आजीची १९६०ची वही काढून भागाकार केला. आम्ही त्या रेषेच्या वर होतो, पण मला लहानपणी वाटे तेवढे वर नव्हतो.

त्याहून जुना एक नियम आहे. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आजीच्या वहीला हा नियम लागू पडतो. वाणी, गवळी, भाजी आणि दळण एवढ्यात पगाराचा बहुतेक भाग जाई. पण एंगेलच्या कोष्टकात न बसणारी एक गोष्ट तिच्या वहीत दर पानावर आहे. पोट भरल्यानंतर काय उरते ते नव्हे, तर पोटाच्या बरोबरीने जे जाते ते : वर्गणी.

एक पैशाची गोष्ट

आजीच्या वहीत वर्गणीच्या नोंदी कोणत्याही महिन्यात चुकलेल्या नाहीत. गणपती, ग्रंथालय, शाळेचा निधी, कोणाच्या आजारपणासाठी वाड्याने मिळून दिलेले पैसे, भोंडल्याच्या खिरापतीचा वाटा. रक्कम नेहमी लहान. पेठेचा चिकटपणा हा पुण्याबाहेर विनोदाचा विषय आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण लहान रकमा पुष्कळांकडून, पुन्हा पुन्हा गोळा करणे, ही या पेठेने शिकलेली आणि शिकवलेली एक पद्धतही होती.

तिची सुरुवात पुष्कळ मागे जाते. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी स्वदेशी वापराचा आग्रह धरला आणि १८७७च्या दिल्ली दरबाराला ते हातसुताची खादी नेसून गेले. रोजच्या खरेदीला सार्वजनिक अर्थ असतो हा विचार पुण्यात त्या पिढीने रुजवला. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला. १९०५ साली लोकमान्यांनी नारायण पेठेतला गायकवाड वाडा सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला आणि वर्तमानपत्र, छापखाना, गणपती असे सगळे तेथे एका छताखाली आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमाराला, लकडी पुलापलीकडे विदेशी कापडाची होळी झाली. होळीची आठवण सर्वांना आहे. तिच्या आगेमागे चाललेले एक संथ काम मात्र विस्मरणात गेले आहे.

अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. पैसा फंड या नावाने ही योजना चालली. टिळकांनी ती उचलून धरली. एक पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. एक रुपया जमवायला चौसष्ट दारे वाजवावी लागत. अशा पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते, आणि कारखान्याबरोबर काचकाम शिकवणारी शाळाही होती. हिंदुस्थानातल्या काचधंद्याचे अनेक जाणकार तेथून तयार झाले.

मला यात काचेहून महत्त्वाची वाटते ती गोळा करण्याची यंत्रणा. एका पैशासाठी पावती फाडणे हा धंद्याच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार. तो जमतो एका अटीवर : देणाऱ्याने मागणाऱ्याला ओळखले पाहिजे. वाण्याच्या उधारीचा पाया आणि पैसा फंडाचा पाया एकच होता. १९०४ साली सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. त्याची नजर मुख्यतः शेतकऱ्याच्या कर्जाकडे होती, पण पुण्यासारख्या शहरांतल्या मध्यमवर्गाने तो पटकन आपलासा केला. आज मोठी असलेली कॉसमॉस बँक १९०६ सालची. ‘पतपेढी’ हा शब्दच पाहा. पैशांची नव्हे, पतीची पेढी. ओळखीच्या माणसाला ओळखीच्या माणसाने जामीन राहायचे, ही वाड्याच्या ओटीवरची रीत तिने कागदावर आणली.

बायकांची पतपेढी वेगळी होती, ती भिशी. दहा-बारा जणींनी महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल तिने सगळी उचलायची. आजीच्या भिशीतून आमच्या घरात शिवणयंत्र आले, आणि गुरुपुष्याला घेतलेले एक वेढणे. लक्ष्मी रस्त्याच्या कुंटे चौकात १९५८ साली गाडगीळांची पेढी सुरू झाली, तेव्हापासून आजीच्या वहीत ‘सराफ’ ही नोंद वर्षाकाठी एकदा दिसते. दोनदा कधीच नाही. आहेराचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानांवर : कोणाकडून काय आले, आणि कोणाला काय द्यायचे. तेही देणेच होते, फक्त त्याची मुदत पुढच्या लग्नापर्यंत.

वहीत नसलेली माणसे

येथपर्यंतचे वर्णन वाचून जुन्या पेठेविषयी हळवे व्हायला होते. मीही झालो होतो. म्हणून वह्या दुसऱ्यांदा वाचल्या त्या कोण नाही हे शोधण्यासाठी.

ओळखीवर चालणारी पत ओळखीच्या कुंपणातच फिरते. आमची पेठ प्रामुख्याने ब्राह्मण वस्तीची. दहा-पाच घरे सोडली तर वाण्याच्या खात्यावर त्याच आडनावांची रांग असणार. सकाळी शौचकूप झाडायला येणाऱ्या माणसाला आजीच्या वहीत नाव नाही. त्याची नोंद ‘वाड्याचा खर्च’ यात मोडते. त्याला आमच्या वाण्याकडे खाते होते का? आजीला विचारले असते तर प्रश्नच तिला विचित्र वाटला असता. तो रोखीने घेत असणार, आणि तेही दुकानाची पायरी न चढता. याच शहरात, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. दोन पेठांमधले अंतर चालत अर्ध्या तासाचे. आमच्या पेठेच्या शेजारधर्माला ते ओलांडायला फार काळ लागला.

दुसरे, विद्यार्थी. कोकणातून आणि देशावरून शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, या मुलांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय पुढे संस्थेच्या रूपात उभी केली. आमच्याकडे गुरुवारी एक मुलगा जेवायला येत असे, हे मला काकांनी सांगितले. वहीत त्याची खूण नाही. त्याचे जेवण हा खर्च नव्हता, धर्म होता, असे घरचे म्हणत. पण तो मुलगा त्या उपकाराची नोंद कोठे ठेवत असेल? वाराने जेवलेल्या अनेकांच्या आठवणींत पानावर वाढलेल्या शिळ्या भाकरीची आणि बोलण्यातल्या तुच्छतेची सल आहे. न लिहिलेले देणे फेडता येत नाही, आणि म्हणून ते जास्त बोचते.

तिसऱ्या, बोळाच्या तोंडाशी खाणावळ चालवणाऱ्या एक विधवा बाई. त्या वाण्याच्या मोठ्या गिऱ्हाईक, पण त्यांना पूर्ण महिन्याची उधारी नव्हती. आठवड्याला चुकती करावी लागे. आजोबांचा पगार सरकारी होता, त्यांची मिळकत विद्यार्थ्यांच्या मनिऑर्डरीवर. वाण्याचा हिशेब समजण्यासारखा होता. तरीही बोळातल्या सर्वांत कष्टाळू माणसाला सर्वांत कमी मुदत मिळत होती, हेही खरेच.

१२ जुलै १९६१

त्या दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले. अंबी नदीवरचे हे मातीचे धरण अजून पुरे व्हायचे होते. त्याच्या लोंढ्याने खाली मुठेवरचे जुने खडकवासला धरणही गेले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण आणि शनिवार पेठांत, कसब्यात, पुढे सोमवार पेठेत वाडेच्या वाडे खचले. मातीच्या भिंती, लाकडी खण, दीडशे-दोनशे वर्षांचे चिरे. पाणी उतरले तेव्हा चिखल राहिला, आणि शहराला पाणी देणारे खडकवासलाच नाहीसे झाल्याने प्यायला पाणी नव्हते. इतकी वर्षे कचरा टाकलेल्या विहिरी लोकांनी उपसून वापरात आणल्या.

आमचा वाडा अर्धा राहिला. वह्या माडीवर होत्या. चालू वही तेवढी खाली देवघरात होती, ती भिजली. वाण्याचे दुकान रस्त्याच्या पातळीवर. गूळ विरघळला, धान्य फुगून पोती फाटली. पण माल गेल्याचे त्याला तितके वाटले नाही, असे आजी सांगे. त्याची खातेवही गेली. मोडीतली शाई पाण्यात उतरून सगळी पाने निळी झाली होती. आता कोणाकडे किती येणे आहे याचा एकच पुरावा उरला : गिऱ्हाइकांच्या आपल्या वह्या, ज्यांच्या वाचल्या त्यांच्या. म्हणजे ज्यांनी द्यायचे त्यांच्याच हातात हिशेब.

पुढे काय झाले याच्या दोन हकिगती मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. आजीची अशी, की सगळा बोळ आपापल्या वह्या घेऊन वाण्याकडे गेला आणि दिवाळीच्या आत पै न् पै चुकती झाली. काकांची वेगळी. निम्मी घरे पेठ सोडून गेली होती. कोणी नातेवाइकांकडे, कोणी निसेन हटमध्ये, पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत. त्यांतले काही पैसे द्यायला आले, बरेच आले नाहीत. न येणारे सगळे लबाड नव्हते. ज्याचे घरच गेले, त्याला वाण्याची बाकी आठवायला वेळ लागतो, आणि आठवेपर्यंत लाज आडवी येते.

मी काकांची हकिगत खरी मानतो. कारण आजीच्या १९६२च्या वहीत वाण्याचा व्यवहार बदललेला दिसतो. ‘मागील बाकी’ ही ओळ आता महिन्याने नाही, पंधरवड्याने येते. त्याचे भांडवल आटले होते, आणि ओळखीचा बोळ विस्कटला होता. खाणावळवाल्या बाईंना जी मुदत पूर्वी मिळत असे, तिच्या जवळपास आता पगारदारही आले. पेठेची पत पुराने एका दिवसात वाहून गेली असे मी म्हणणार नाही. ती ज्यावर उभी होती ते, म्हणजे वर्षानुवर्षे जागेवर राहणारी माणसे, त्या दिवसापासून कमी होऊ लागली.

भाडे, फ्लॅट आणि नवा हिशेब

वस्ती पांगण्याचे दुसरे कारण संथ होते, आणि तेही वहीतच आहे. एकवीस वह्यांत एक नोंद कधीच बदलत नाही : घरभाडे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १९४०च्या सप्टेंबरातल्या पातळीशी बांधले होते. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते गरजेचे होते. मालकाला कौले फिरवण्याइतकेही पैसे उरेनात. पडीक वाडा हे दोघांचेही नुकसान होते, पण दोघांनाही हलता येत नव्हते. १९९९चा नवा कायदा येईपर्यंत पुष्कळ वाडे बिल्डरांकडे गेले होते. आमचाही गेला. दर्शनी खणातली दुकाने गेली. जी परत आली त्यांचे मालक मागे राहत नव्हते.

मात्र रोजच्या खरेदीतून एकत्र येण्याची पेठेची सवय दुसऱ्या रूपात निघाली. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या योजनेत शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, पैसे आगाऊ भरतात आणि माल कोणा एकाच्या घरी उतरवून वाटून घेतात. वाण्याच्या वहीची ही उलटी बाजू म्हणता येईल : उधारीऐवजी आगाऊ रक्कम, आणि दुकानदाराच्या ओळखीऐवजी शेजाऱ्याची. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. खवट शेंगदाण्यांबद्दल बोलता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला बोलण्याची जागा मिळाली. ही सुधारणा लहान नव्हे. आजी असती तर तिने तिचे मोल ओळखले असते.

२०२२-२३च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ६,४५९ रुपये होता आणि त्यातला अन्नाचा वाटा सुमारे ३९ टक्के. १९९९-२००० मध्ये तो ४८ टक्क्यांच्या आसपास होता. एंगेलच्या नियमाने पाहता आपण सुधारलो आहोत. माझा स्वतःचा महिन्याचा खर्च आता फोनमध्ये आपोआप नोंदला जातो, आजीच्या वहीपेक्षा अचूक. त्यात दुकानांची नावे आहेत, वेळ आहे, पैशापर्यंतचा आकडा आहे. त्यातल्या कोणालाही मी चेहऱ्याने ओळखत नाही, आणि कोणी मला उधार देणार नाही. मात्र माझी जात, माझी नोकरी, माझे आडनाव कोणी विचारतही नाही. खाणावळवाल्या बाई आज असत्या, तर त्यांना आणि मला तोच कोड, तीच पावती. जुन्या पतीची किंमत मोजताना हा फरक हिशेबात धरावाच लागतो.

पेठेत आजही अधूनमधून जातो. बेडेकरांकडे मिसळीला रांग असते, मोदी गणपतीसमोर चपला काढायला जागा नसते, ग्रंथालयात दिवाळी अंकांची योजना सुरू झाल्याची पाटी लागते. ती वर्गणी मी अजून भरतो.

राहिली १९६१ची वही. चिकटलेली पाने मी एका जाणत्या माणसाकडून वाफेवर सोडवून घेतली. जुलैची बहुतेक गेली आहेत. ऑगस्टपासून आजीचा हात पुन्हा दिसतो : मेणबत्त्या, काडेपेटी, फिनेल, चुना. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाण्याने नवी वही पूजेला ठेवली असणार, कारण त्या तारखेला आजीने लिहिले आहे, ‘वाणी – पुरापूर्वीची बाकी, माझ्या वहीप्रमाणे.’ पुढे रक्कम आहे. तिच्याखाली वेगळ्या शाईत, मोडीत, एक ओळ. ती मला वाचता येत नव्हती. इतिहास संशोधक मंडळातल्या एका स्नेह्यांनी वाचून दिली : ‘पावली. माझ्या आठवणीप्रमाणे तीन रुपये जास्त.’

पुढच्या महिन्याच्या हिशेबात तीन रुपये जमा आहेत.